पक्षी अजून पास झालेला नाही

१ मार्च, रविवार

घटना, जशी घडली तशी:

१. सकाळी हॉलच्या खिडकीची काच आतून-बाहेरून पुसण्यात आली.
२. उजेड नीट यावा म्हणून पडदा धुवायला काढण्यात आला.
३. पिंजऱ्याचं दार उघडण्यात आलं.
४. पक्षी (बजी जातीचा छोटा पोपट, हिरवा, कालच आणलेला) उडाला.
५. काच त्याला दिसली नाही.
६. पक्षी सोफ्यामागे सापडला. डावा पंख थोडा लोंबता.
७. आई म्हणाली, मी आधीच सांगितलं होतं. (याचा घटनेशी संबंध नाही. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिलं.)

कारण अजून निश्चित नाही. काच पुसणं, पडदा काढणं आणि दार उघडणं ही तिन्ही कामं एकाच व्यक्तीने केली हा योगायोग आहे. पक्षी विकणाऱ्याने काचेबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. चौकशी तिथून सुरू व्हायला हवी.

मी घाबरले नाही. पक्ष्यांचे डॉक्टर रविवारी बसत नाहीत हे दवाखान्याच्या बंद दारासमोर कळलं. पायात चप्पल नाही हेही तिथेच कळलं.

आई शेजारणीला सांगत होती, माझ्या मुलीचं कामच खोकी उंचावरून पाडून आतलं सामान फुटतं का बघायचं, आता घरीही सुरू केलंय. पॅकेजिंग टेस्टिंगचं हे वर्णन ढोबळ आहे.

२ मार्च, सोमवार

अर्धी रजा. डॉक्टर माझ्याच वयाची मुलगी निघाली. हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे. एक आठवडा पिंजऱ्यात शांत ठेवा, बसायची दांडी खाली लावा, राळे आणि पाणी तळाशी ठेवा. मग पडदा ओढून खोलीत उडू द्या. फार दिवस कोंडू नका, आळसावतो.

एक आठवडा म्हणजे अधिक-उणे किती, असं विचारलं. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी प्रश्न लिहून नेले होते. पहिल्या पानावरचे झाल्यावर तिने पुढच्या पेशंटला आत घेतलं. तो ससा होता आणि त्याला अजिबात घाई दिसत नव्हती.

जाताना म्हणाली, एवढी काळजी करू नका. मी काळजी करत नव्हते. प्रश्न विचारत होते.

निर्णय: पक्ष्याला नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की माणूस गुंततो आणि निरीक्षण बिघडतं. आई त्याला 'राजा' म्हणते. तिला समज दिली.

मुळात पक्षी आणला आईचं मन रमावं म्हणून. जानेवारीत तिच्या घरी स्टुलावरून उतरताना तिचा पाय मुरगळला, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. तिच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यातच 'चाला' म्हणून सांगितलं. पण चाला म्हणजे घरी जा असं होत नाही. एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळू शकतो. आकडे आहेत.

५ मार्च, गुरुवार

लॅबमधून फोमचे उरलेले तुकडे आणले. साहेबांनी कशासाठी ते विचारलं नाही. विश्वास असला की असं होतं.

भिंतींना खांद्याच्या उंचीपर्यंत फोम लावला. खिडकीच्या काचेला बबल रॅप. पडदा परत चढवला, सोफ्याचे कोपरे झाकले, दाराच्या कडीला मोजा घातला. काम सुबक झालं. हॉल आता आतून एखाद्या चांगल्या खोक्यासारखा दिसतो.

आई म्हणाली, आता माझ्या पाठीवर 'ही बाजू वर' असं स्टिकर चिकटव म्हणजे झालं.

तिची कल्पना टाकाऊ नव्हती. संध्याकाळी ती खिडकीला टेकली, बबल फुटले, पक्षी पिंजऱ्यात फडफडला. खिडकीला टेकायला बंदी केली आहे.

मी पक्ष्याशी बोलत नाही. धडकेने कानावर परिणाम झालाय का हे तपासण्यासाठी ऑफिसमधून आल्यावर दिवसभराचा वृत्तांत त्याला सांगते. ऐकताना तो पिसं फुगवून डोळे मिटतो. कान व्यवस्थित आहेत.

८ मार्च, रविवार

डॉक्टरने सांगितलेला आठवडा उद्या पुरा होतो. दोन्ही पंख सारखे दिसतात. लोंबणं नाही. सकाळपासून दांडीवर पुढे-मागे चालतोय आणि दाराची तार चोचीने वाजवतोय.

मी विश्रांती वाढवली.

आमच्या लॅबचा नियम साधा आहे. एकदा फेल झालेली वस्तू सलग तीन टेस्ट स्वच्छ पास झाल्याशिवाय मी सही करत नाही. पक्ष्याची एकही झालेली नाही. तो बाहेर आल्याशिवाय टेस्ट होऊ शकत नाही आणि टेस्ट झाल्याशिवाय मी त्याला बाहेर काढू शकत नाही. यावर विचार चालू आहे.

आईने तिच्या जाण्याचा विषय काढला. तेवीस तारखेला तिच्या शिवणवर्गाची नवी बॅच आहे. आठ मुली आहेत. दोन महिने वर्ग बंद असल्यामुळे आधीच्या काही जणी बाजारातल्या दुसऱ्या क्लासला गेल्या. या आठही गेल्या तर वर्ग मोडला, असं ती म्हणाली. वीस वर्षं चालवला तो.

तिला सांगितलं, आधी पक्ष्याचं होऊ दे, मग तुझं बघू. एका वेळी एक केस.

म्हणजे माझा नंबर त्याच्यामागे का, असं तिने विचारलं. क्रम तारखेवरून लावलेला नाही, गंभीरतेवरून लावलाय, हे तिला समजावून सांगितलं. ती आत जाऊन भांडी घासू लागली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

१० मार्च, मंगळवार

मार्ग सापडला. पुस्तकं एकावर एक रचायची, खाली फोम, वर पक्षी. कमी उंचीपासून सुरुवात करून वाढवत न्यायची. खोक्यांना हेच करतो, फक्त खोकी स्वतःहून निघत नाहीत.

पहिली टेस्ट, चार पुस्तकं. पक्षी वर बसला. मग जिना उतरावा तसा एकेका पुस्तकावरून चालत खाली आला.

दुसरी टेस्ट, आठ पुस्तकं. चालत खाली आला. मध्ये मटेरियल सायन्सच्या पुस्तकाचा कोपरा कुरतडायला थांबला.

तिसरी टेस्ट रद्द. आईला हसू आवरत नव्हतं आणि त्यामुळे वातावरण नियंत्रित राहिलं नाही.

निष्कर्ष: पक्षी उडण्याच्या अवस्थेत नाही. माझा अंदाज बरोबर होता.

लॅबमधल्या टेपमास्टरला (चिकटपट्टी हा त्याचा विभाग, मनगटात कायम एक रीळ) सहज सांगितलं. तो म्हणाला, तिकडे जाण्यासारखं काही असेल तर उडेल ना बिचारा, तुम्ही त्याला उगाच कशाला उतरवताय. टेपच्या माणसाने टेपबद्दल बोलावं. मग त्याने आई कशी आहे असं विचारलं. निरीक्षणाखाली आहे, म्हटलं.

१२ मार्च, गुरुवार

पडद्याच्या रॉडवर पांढरे ठिपके. कपाटाच्या माथ्यावरही. पंख्याच्या एका पात्यावर दोन.

छताला ओल आली आहे. चुना गळतोय. घरमालकांना फोन केला. आई म्हणाली जाऊ दे ना, एवढ्यासाठी कशाला त्यांना बोलावतेस. हे नवल आहे. आल्या दिवसापासून ती या घराच्या नळापासून फरशीपर्यंत सगळ्याला नावं ठेवते.

१४ मार्च, शनिवार

घरमालक आले. फोम लावलेल्या भिंतींकडे बराच वेळ बघत राहिले. मग स्टुलावर चढले, रॉडवरचा ठिपका नखाने खरवडला, चष्मा वर करून पाहिला.

"ताई," ते म्हणाले, "ओल वगैरे काही नाही. पक्ष्याची शी आहे ही."

त्यांना शांतपणे दाखवून दिलं की या घरात एकच पक्षी आहे, तो विश्रांतीवर आहे, मंगळवारच्या टेस्टमध्ये त्याला उडता आलेलं नाही आणि रॉड जमिनीपासून सात फुटांवर आहे. त्यांनी पक्ष्याकडे पाहिलं. पक्ष्याने त्यांच्याकडे पाहिलं. आईने फरशीकडे पाहिलं.

रंगकाम होणार नाही, असं सांगून ते गेले. जाताना भिंतीचा रंग फोमबरोबर निघाला तर डिपॉझिटमधून कापेन असंही म्हणाले.

निष्कर्ष: घरमालक दुरुस्ती टाळत आहेत. फोटो जोडून त्यांना मेल पाठवली.

१५ मार्च, रविवार

किरकोळ निरीक्षणं.

पक्ष्याची भूक वाढली. वजन मात्र तेवढंच. हालचाल शून्य असताना खाल्लेलं जातं कुठे हा अभ्यासाचा विषय आहे. डॉक्टरला मेसेज केला. तिने हसरा चेहरा पाठवला. याला उत्तर म्हणत नाहीत.

आईचीही भूक वाढली. चेहऱ्यावर तजेला आहे. विश्रांती मानवली.

फ्रिजमध्ये मोठ्या बाजारातली ताजी भाजी. आई म्हणाली डिलिव्हरीवाला देऊन गेला. चांगला माणूस दिसतो. भेंडीचं एकेक टोक मोडून बघून आणतो.

आईच्या चपलांच्या तळाला वाळलेला चिखल. गॅलरीत घालते म्हणाली. गॅलरी आता रोज धुवायला हवी.

एकूण दोन्ही केस स्थिर आहेत. माझी पद्धत काम करते आहे.

१७ मार्च, मंगळवार

लॅबमधली वीज गेली. साहेबांनी दुपारीच सोडलं. घरी आले, किल्लीने दार उघडलं.

जे पाहिलं ते:

पडदा ओढलेला. आई स्टुलावर उभी, हातात ओलं फडकं, रॉड पुसत होती. पिंजरा उघडा आणि रिकामा. पक्षी पंख्याच्या पात्यावर. मला बघून तो उडाला. हॉलभर एक गोल फेरी मारली, सोफ्यावरून वळला, खिडकीपाशी आला तसा अलगद बाजूला झाला आणि आईच्या डोक्यावर जाऊन बसला.

मी शांतपणे म्हटलं की दोघांनीही आधी खाली यावं.

आई उतरली. कशाचाही आधार न घेता. पक्षी तिच्या डोक्यावरच.

मग तिने सगळं सांगितलं. पश्चात्तापाचा सूर कुठेच नव्हता. डॉक्टरने सांगितलेला आठवडा पुरा झाला त्या दिवसापासून रोज दुपारी ती त्याला सोडते. पहिल्या दिवशी तो कपाटापर्यंत गेला आणि धापा टाकत बसला. ती खाली राळे घेऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी परतही आला. घरमालक येऊन गेल्यापासून ती रोज मागचं पुसून ठेवते. आणि सकाळी मी गेले की ती मोठ्या बाजारापर्यंत चालत जाते. भाजी ती स्वतः आणते.

मी विचारलं, मला का सांगितलं नाही. दोघांचीही रिकव्हरी अजून मान्य झालेली नाही, मी कशावरच सही केलेली नाही.

ती म्हणाली, "बरं व्हायला तुझी सही लागत नाही गं."

मी चहा टाकला. साखर टाकली की नाही ते आठवत नाही.

आज पाहिलेली उड्डाणं तीन (चहा होईपर्यंत आणखी दोन झाली). तिन्ही स्वच्छ. पण परिस्थिती नियंत्रित नव्हती. निकाल ग्राह्य धरता येत नाही.

१८ मार्च, बुधवार

टेस्ट माझ्यासमोर पुन्हा घ्यायचं ठरलं. पिंजऱ्याचं दार उघडलं. सुरक्षेसाठी मी हातात फोमचा मोठा तुकडा धरून खाली उभी राहिले. पक्षी उजवीकडे सरकला की मी उजवीकडे, डावीकडे सरकला की डावीकडे.

पक्ष्याने तार पकडून ठेवली आणि बाहेर आला नाही.

आई म्हणाली, त्याला वाटतंय भिंतच मागे लागली. तो फोम ठेव खाली आणि गप बस एका जागी.

ठेवला. बसले. काहीही न करता बसण्याचा सराव नाही. हात कुठे ठेवायचे हे कळत नाही.

बऱ्याच वेळाने तो दारात आला. मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. तो उडाला, माझ्या अंगावरून गेला, आईच्या खांद्यावर बसला.

माझा खांदा उतरता आहे. बसायला सपाट पृष्ठभाग लागत असावा. दुसरं कारण दिसत नाही.

२० मार्च, शुक्रवार

आई रविवारी निघणार म्हणाली. मी भावनेने बोलणार नव्हते. प्रेझेंटेशन केलं. बसच्या पायऱ्या, तिच्या घरचा जिना, ते स्टूल, एकटं राहणं, प्रत्येक धोक्याला गुण दिलेले. शेवटी पर्याय: वर्ग माझ्या हॉलमधून व्हिडिओवर घे. भिंतींचा फोम आवाजासाठी उत्तम आहे.

तिने सोफ्यावर बसून सगळं पाहिलं. हातात माझ्या पडद्याची उसवलेली किनार होती, ती टीप घालत होती. मध्येच सुई दातात धरून, आधीची स्लाइड परत दाखव, असंही म्हणाली. मला आशा वाटली.

संपल्यावर तिने दोरा तोडला.

"सगळं बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "पण यात प्रत्येक चित्रात मी पडतेय. मी शिकवतेय असं एक तरी चित्र काढायचंस."

यावर माझ्याकडे स्लाइड नव्हती.

मग पक्ष्याचा प्रश्न निघाला. आई म्हणाली, तू आठला जातेस, सातला येतेस, तो दिवसभर कोणाचं तोंड बघणार. माझ्या वर्गात आठ मुली, चार मशिनी, दिवसभर कलकल. त्याला तेच आवडेल.

मी म्हटलं, तो तुझ्यासाठीच आणला होता, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या तुझाच आहे. घेऊन जा.

निर्णय माझा आहे. नीट विचार करून घेतलेला. जेवायची इच्छा नव्हती, ते दुपारी कँटीनमध्ये जास्त झालं होतं म्हणून.

२२ मार्च, रविवार

काल दिवसभर पक्ष्यासाठी प्रवासाचं खोकं बनवलं. दुहेरी भिंत, आत फोम, हवेसाठी भोकं, बाहेरून धक्का बसला तर लाल होणारी पट्टी. लॅबमध्ये हे खोकं पहिल्या फटक्यात पास झालं असतं.

आईने सकाळी पक्ष्याला छोट्या पिंजऱ्यात घातलं, वर स्वतःची ओढणी टाकली आणि मांडीवर घेतलं. खोक्यात तिने दोऱ्याची रिळं आणि कात्र्या भरल्या. मजबूत झालंय हो, म्हणाली, वर्गाला उपयोगी पडेल.

बस स्टँडवर सूचना दिल्या. वळणावर पिंजरा घट्ट धर. थांब्यावर खाली उतरू नकोस. स्टूल कोणाला तरी देऊन टाक. ती प्रत्येकाला बरं म्हणत होती. या 'बरं'ची मला लहानपणापासून ओळख आहे.

ती बसच्या पायऱ्या कठडा न धरता चढली. एका हातात पिंजरा, दुसऱ्या हातात खोकं. मी काही म्हणाले नाही. म्हणणार होते, तेवढ्यात बस सुटली.

ओढणीचा एक कोपरा सरकला होता. त्यातून हिरवं काहीतरी दिसलं. बहुधा ओढणीच हिरवी असावी. ती निळी आहे.

२४ मार्च, मंगळवार

फोम उतरवला. रंगाचे पापुद्रे निघाले. घरमालकांना मेल करून ओलीची तक्रार मागे घेतली. त्यांचं उत्तर आलं: 'पक्षी कसा आहे?' मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आईला फोन केला. काल आठही मुली आल्या, एक नववी बरोबर घेऊन आल्या. आई हे सांगताना इतक्या भरभर बोलत होती की मला मध्ये विचारायला जागा मिळाली नाही. पक्षी शिलाई मशीनच्या चाकाशेजारी बसतो, चाक फिरलं की मान फिरवतो. टेप मोजायला काढली की उडत जाऊन टोक धरतो. मुलींनी त्याचं नाव ठेवलं आहे. काय ते आई सांगणार होती, तेवढ्यात कोणीतरी तिला बाहीचं माप विचारायला आलं आणि तिने मग करते म्हणून फोन ठेवला. रात्रीपर्यंत केला नाही. मी करू शकत होते. कामात असेल.

पाय कसा आहे ते विचारायचं राहिलं. मला आठवलंच नाही, आणि हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.

मेसेज लिहिला. पहिला मसुदा: 'पक्ष्याच्या प्रकृतीची प्रत्यक्ष पाहणी आवश्यक असल्याने येत्या रविवारी येत आहे.' खोडला. दुसऱ्यात पाहणीऐवजी भेट लिहिलं आणि जिन्याला रबरी पट्ट्या लावून देईन असं जोडलं. तोही खोडला.

पाठवला तो असा:

आई, रविवारी येऊ का? काही आणणार नाही आणि काही तपासणार नाही. वर्ग चालू असेल तर मागे बसेन. तिकीट काढायचं आहे, तेव्हा शुक्रवारपर्यंत कळव.